मोरचुदातलं पाणी

मत्स्यालयात तिला सगळे 'नव्या बाई' म्हणत. वयाने ती काही नवी नव्हती. बेचाळिशी उलटली होती आणि कानशिलावरचे केस रंगवणंही तिने सोडून दिलं होतं. पण तिच्या आधी जे साहेब प्रयोगशाळेत होते ते सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसले होते, त्यामुळे त्यांच्यानंतर जो कोणी येईल तो पुढची दहा वर्षं तरी नवाच राहणार होता.

रसायनशास्त्राची पदवी तिने कधीकाळी चांगल्या गुणांनी घेतली होती. मग लग्न झालं, घर आलं, सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण आलं, आणि ती पदवी कपाटात साड्यांच्या खाली जाऊन बसली. सासरे गेल्यावर तीन-चार महिन्यांनी सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, "आता घरात बसून माझ्या तोंडाकडे बघत राहणार आहेस का? जा, काहीतरी कर. माझं तोंड मी सांभाळीन." नवऱ्याने जाहिरात आणली. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि मत्स्यालयाची मालवाहू लिफ्ट महिन्यातून एकदा त्याच्याकडून शिव्या खाऊन सुरू व्हायची. मुलाखतीत तिला पाण्यातला क्षार कसा मोजतात ते विचारलं, तिने सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ती पांढरा कोट घालून कामावर हजर झाली.

प्रयोगशाळा म्हणजे मोठ्या काचेच्या टाक्यांमागची एक अरुंद खोली. एक तराजू, एक बेसिन, बाटल्यांच्या दोन फळ्या, आणि दिवसभर पंपांची घरघर. लोक पुढून काचेतून मासे बघत, ही मंडळी मागून. मागून बघितलं की मत्स्यालय म्हणजे नुसते पाइप, ओल्या शिड्या आणि बादल्या. जुन्या साहेबांची एक जाड वही होती, तिला मेणकापडाचं कव्हर घातलेलं. कुठल्या आजाराला काय द्यायचं, किती द्यायचं, सगळं त्यात बारीक अक्षरात. नव्या बाईंना ती वही म्हणजे बुडत्याला काडीचा आधार वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात फौजदार आजारी पडला.

फौजदार म्हणजे मासा. हातभर नव्हे, चांगला दीड हात लांब, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, खडकाच्या कपारीत तोंड बाहेर काढून बसणारा. खालचा ओठ पुढे आणि तोंडाचे दोन्ही कोपरे खाली. समोर येणारा प्रत्येक माणूस काहीतरी गुन्हा करून आलाय असा चेहरा. नाव ठेवलं होतं मामांनी. मामा हे टाक्यांवरचे सगळ्यात जुने कामगार. कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नव्हतं, संचालकसुद्धा त्यांना मामाच म्हणत. फौजदार बोटाएवढा होता तेव्हापासून मामा त्याला भरवत आले होते.

"याच्या अंगावर मीठ सांडल्यासारखं दिसतंय," मामा त्या सकाळी म्हणाले.

खरंच पांढरे बारीक ठिपके होते. मासा पुन्हा पुन्हा खडकाला अंग घासत होता. डॉक्टर आले. ते गुरांचे, कुत्र्यांचे आणि आठवड्यातून दोन दिवस माशांचे डॉक्टर. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि मान हलवली.

"अंगावर परजीवी बसलेत. वेगळ्या टाकीत काढा आणि तांबं द्या. लिटरला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम. त्याच्याखाली राहिलं तर किडे मरत नाहीत, फार वर गेलं तर मासा राहत नाही. बाई, तुम्ही हिशोब करून आणा, मी सही करतो."

वेगळी टाकी पाच हजार लिटरची होती. पाच हजार गुणिले शून्य पूर्णांक दोन, म्हणजे हजार मिलिग्रॅम. बरोब्बर एक ग्रॅम तांबं. नव्या बाईंना हिशोब इतका गुळगुळीत आल्याचा आनंदच झाला. आता तांबं काही नुसतं टाकीत टाकत नाहीत. ते मोरचुदातून द्यायचं, कारण मोरचूद पाण्यात विरघळतं. तर एक ग्रॅम तांबं मिळायला मोरचूद किती घ्यायचं? त्यासाठी मोरचुदात तांब्याचा वाटा शेकडा किती ते काढायला हवं. जुन्या साहेबांच्या वहीत अणुभारांची मांडणी होतीच. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, प्राणवायू चार वेळा सोळा म्हणजे चौसष्ट. बेरीज एकशे साडेएकोणसाठ. त्यात तांबं साडेत्रेसष्ट, म्हणजे शंभरात जवळजवळ चाळीस. एक ग्रॅम तांब्याला अडीच ग्रॅम मोरचूद.

तिने वहीतून कागदावर उतरवलं, आकडे पुन्हा एकदा गुणून बघितले, आणि डॉक्टरांपुढे धरलं. डॉक्टर फोनवर कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत होते. त्यांनी बोलता बोलताच सही केली.

नव्या बाटलीचं बूच उघडून तिने निळे खडे तराजूवर घेतले. अडीच ग्रॅम. निम्मे सकाळी, निम्मे संध्याकाळी, पाण्यात विरघळवून थेंब थेंब टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. तांबं पाण्यात नीट पसरायला एक दिवस लागतो, म्हणून मोजणी परवा करायची असं ठरलं. ती समाधानाने घरी गेली. नोकरीतलं हे तिचं पहिलं औषध होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती कपडे भिजवत होती आणि सासूबाई मोरीच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून देखरेख करत होत्या. सासूबाईंना कपडे धुता येत नसत आताशा, पण दुसऱ्याने धुतलेले पटतही नसत.

"अगं, तो कोट तसाच नको टाकूस बादलीत. खिशावर डाग आहे बघ. निळा कसला? शाई?"

"नाही हो आई. मोरचूद सांडलं असेल काल."

"मोरचूद? मग सगळ्यांच्या कपड्यांना लागेल की ते. वेगळा काढ."

तिने कोट वेगळा काढला. डागावर अंगठा घासला. सुंदर निळा रंग होता, अगदी दिवाणखान्यात पडदे करावेत असा. आणि तो रंग बघता बघता तिला कॉलेजातली परीक्षानळी आठवली. निळे खडे नळीत घालून तापवायचे. हळूहळू निळेपण उडून जातं, खाली पांढरी भुकटी राहते, आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. त्यांच्या मॅडम म्हणायच्या, निळं आहे तोवर आत पाणी आहे, पोरींनो. पांढरं झालं की पाणी गेलं.

तिचा हात थांबला.

जुने साहेब पांढरी भुकटी वापरत. फळीवर त्यांची रिकामी बाटली अजून होती, तिच्या तळाशी पांढरं काहीतरी चिकटलेलं तिने स्वतः बघितलं होतं. वहीतला हिशोब त्या पांढऱ्या भुकटीचा होता. तिने वजन केलं ते निळ्या खड्यांचं. त्या खड्यांच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे पाच रेणू चिकटलेले असतात आणि त्यांचं वजन तिने कुठेच धरलं नव्हतं.

"काय झालं गं?" सासूबाई म्हणाल्या. "भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

"आई, मी पाणी विसरले."

"नळ चालू आहे की समोर!"

पण ती तोवर ओल्या हातांनी फोनकडे धावली होती. मत्स्यालयाचा फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा मामांनी उचलला.

"मामा, फौजदार कसा आहे?"

पलीकडे पंपांची घरघर चालू होती. मामा म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं? मीच फोन करणार होतो. तळाला पडलाय, बाई. कल्ले चालू आहेत, डोळा उघडा आहे, पण सकाळपासून जागचा हललेला नाही. काचेवर टिचकी मारली तर तोंडही फिरवलं नाही."

"मी येते," एवढंच ती म्हणाली. कोट बादलीशेजारी तसाच पडला. सासूबाईंनी मागून विचारलं, "जेवायला परत येणार का?" त्याचं उत्तर जिन्यात कुठेतरी राहिलं.

बसमध्ये खिडकीशी बसून तिने हिशोब पुन्हा मांडायचा प्रयत्न केला. कागद नव्हता, पेन नव्हतं. चूक झाली एवढं नक्की. पण कुठल्या बाजूला? जास्त पडलं की कमी? मी पाणी धरलं नाही, म्हणजे एकूण वजन कमी धरलं. वजन कमी धरलं म्हणजे मोरचूद हलकं समजले. हलकं समजले म्हणून जास्त घेतलं? नाही, नाही, हलकं समजले तर... ती पहिल्यापासून सुरू करायची आणि मध्येच फौजदाराचं तळाला पडलेलं अंग डोळ्यापुढे यायचं, की सगळे आकडे पाण्यात पडल्यासारखे पसरायचे. एकदा उत्तर कमी यायचं, एकदा जास्त. ज्या पोरीने कॉलेजात असली गणितं हसत हसत सोडवली होती, तीच आता अडीचचा पाढा विसरली होती. शेजारच्या माणसाने तिच्याकडे दोनदा बघितलं, कारण ती ओठ हलवून बोटं मोजत होती.

मध्येच तिने डॉक्टरांना फोन लावला. झालं ते एका दमात सांगितलं.

"मी तिथून तासाभराच्या वाटेवर आहे," ते म्हणाले. "निघतो लगेच. तांबं मोजायचं सामान माझ्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्याकडे. तोवर तुम्ही तिथे पोचून जास्त झालंय की कमी ते ठरवा. जास्त असेल तर माझी वाट बघू नका, ताबडतोब अर्धं पाणी बदला. कमी असेल तर कशालाही हात लावू नका. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. काहीच कळलं नव्हतं.

मामा मागच्या दारातच उभे होते, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. त्यांनी साठवणीच्या टाकीची नळी आधीच ओढून आणली होती.

"मी म्हणतो पाणी बदलून टाकू. आजारी पोराला पहिलं काय करतात? कपडे बदलतात. सोडू का?"

"थांबा मामा."

"थांबायचं कशाला? बघा तरी त्याच्याकडे!"

तिने बघितलं. फौजदार टाकीच्या कोपऱ्यात एका कुशीवर जरासा कलून पडला होता. कल्ले उघडत होते, मिटत होते. अंगावरचे पांढरे ठिपके तसेच. त्याने डोळा फिरवून तिच्याकडे बघितलं आणि तिला रडूच यायला लागलं.

"साठवणीत पाणी किती आहे?" तिने विचारलं.

"तीन हजार लिटर. आणि भरायचा पंप बिघडलेला. परवाशिवाय दुरुस्त होत नाही."

म्हणजे एकदाच बदलता येणार. जास्त पडलं असेल आणि बदललं नाही, तर मासा जाणार. कमी पडलं असेल आणि बदललं, तर आहे तेही औषध वाहून जाणार, किड्यांना रान मोकळं, आणि त्या अशक्त माशाने अर्धी टाकी रिकामी होताना बघत बसायचं. शिवाय खरंच गरज लागली तर हाताशी पाणी नाही.

"मामा, पाटी द्या."

टाक्यांजवळ रोजच्या नोंदींसाठी एक पांढरी पाटी टांगलेली असे. मामांनी ती काढून दिली, वरच्या नोंदी बाहीने पुसून. ती ओल्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, पाटी मांडीवर घेतली. तिने अक्षरं मुद्दाम मोठी काढली. शाळेतल्यासारखी. आणि मोठ्याने बोलत लिहायला लागली, कारण मनातल्या मनात केलं की मन पळून जात होतं.

"तांबं. साडेत्रेसष्ट. गंधक, बत्तीस. प्राणवायू चार, चौसष्ट. झाले एकशे साडेएकोणसाठ. इथवर मी काल आले होते."

"मग?"

"आता पाणी. पाण्याचा एक रेणू अठरा. पाच अठरं..."

"नव्वद," मामा म्हणाले. पाढे त्यांचे पक्के होते.

"नव्वद. एकशे साडेएकोणसाठ अधिक नव्वद."

"दोनशे साडेएकोणपन्नास."

"बरोबर. म्हणजे दोनशे साडेएकोणपन्नास भाग निळे खडे घेतले तर त्यात तांबं फक्त साडेत्रेसष्ट भाग." तिने भागाकार मांडला. वेळ लागला. एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा केला. "शंभरात साडेपंचवीस. मामा, पंचवीस! चाळीस नाही, पंचवीस. पाव हिस्सा!"

"म्हणजे काय ते सांगा. सोडू का पाणी?"

"थांबा हो. मी अडीच ग्रॅम टाकलं. मला वाटलं, त्यात चाळीस टक्के तांबं आहे, म्हणजे एक ग्रॅम. आहे पंचवीस टक्के. म्हणजे..." ती गुणाकार करत होती आणि उत्तर खाली उतरायच्या आधीच तिला ते कुठल्या बाजूने येतंय ते दिसायला लागलं होतं. "म्हणजे एक ग्रॅमही नाही. शून्य पूर्णांक चौसष्टच्या आतबाहेर. कमी पडलंय! मामा, कमी पडलंय!"

मामा नळी हातात घेऊन तसेच उभे. "नक्की?"

ते 'नक्की' तिला पुन्हा हादरवून गेलं. बसमध्ये दहा वेळा उत्तर उलटंसुलटं झालं होतं. तिने पाटीची दुसरी बाजू घेतली. या वेळी तिने तांब्याला हातच लावला नाही, नुसतं पाणी काढलं. नव्वद भागिले दोनशे साडेएकोणपन्नास. छत्तीस टक्के.

"हे बघा मामा. हे निळे खडे शंभर ग्रॅम घेतले, तर त्यातलं छत्तीस ग्रॅम नुसतं पाणी असतं. हाताला कोरडं लागतं, पण पाणीच. मी अडीच ग्रॅम तोलले, त्यातला जवळजवळ एक ग्रॅम पाणी होतं. मी टाकीत औषध समजून पाणी घातलं. पाण्यात पाणी."

मामांनी पाटीवरचा आकडा वाचून बघितला. मग म्हणाले, "शंभरात छत्तीस? आणि वर निळा रंग देऊन विकतात? आमचा दूधवाला उगाच बदनाम आहे, बाई. तो इतका पुढे गेलेला नाही."

तिला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांतून पाणी आलं. किती वेळ ती दोन्ही एकदम करत बसली ते तिलाच कळलं नाही. मामांनी नळी गुंडाळून खुंटीला अडकवली, आणि त्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी तिच्यापुढे हात पुसायचं फडकं धरलं. फडक्याला कोळंबीचा वास होता. तिने त्यालाच तोंड पुसलं.

"मग तो असा का पडलाय?" जरा वेळाने तिने विचारलं. "तांबं जास्त नाही, तर मग त्याला झालंय काय?"

मामा टाकीकडे बघायला लागले. मग छताकडे. मग आपल्या बुटांकडे.

"मामा?"

"आता तुम्ही तुमचं सांगितलंत, म्हणून मी माझं सांगतो. डॉक्टर म्हणाले होते ना, औषध चालू असताना दोन दिवस काही खायला द्यायचं नाही? काल संध्याकाळी तुम्ही गेल्यावर हा काचेशी आला. असा बघत राहिला. मला राहवलं नाही. चार बांगडे दिले."

"चार?"

"मोठे होते. तो एरवी दोन खातो." मामांचा आवाज खाली गेला. "सकाळी असा पडलेला बघितला तेव्हा मला वाटलं, माझ्याच हाताने गेला हा. म्हणून तर फोन करायला हात धजत नव्हता. आणि तुमचा फोन आला तर वाटलं, कोणीतरी चुगली केली."

"म्हणजे त्याचं पोट भरलंय!"

"तसंच दिसतंय. आमच्या आळीत लग्नाच्या पंगतीनंतर माणसंही अशीच पडतात एका कुशीवर."

डॉक्टर आले तेव्हा ही दोघं शिडीच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून टाकीकडे बघत होती. डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला होता, श्वास लागला होता. त्यांनी काही न बोलता कपाट उघडलं, सामान काढलं, टाकीतलं पाणी नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी हलवून उजेडात धरली. फिका रंग आला. शेजारी रंगांची पट्टी धरून त्यांनी डोळे बारीक केले.

"शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक पंधराच्या मधे," ते म्हणाले. "तुमचा आकडा काय आला होता?"

तिने पाटी पुढे केली. खाली तिने हिशोब पूर्ण केला होता: पाच हजार लिटरमध्ये सहाशे छत्तीस मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला शून्य पूर्णांक एकशे सत्तावीस.

डॉक्टरांनी पाटी बराच वेळ वाचली. इतका वेळ की तिला वाटलं, आता नोकरी गेली. तिने मनाची तयारी केली. काल ज्या कागदावर सही घेतली होती तो त्यांनी खिशातून काढला, उलगडला आणि पाटीशेजारी धरला.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी वहीतून जसंच्या तसं उतरवलं. बाटलीवरचं लेबल वाचलं नाही. लेबलवर पाच पाणी स्पष्ट लिहिलंय."

"हो, लिहिलंय. आणि खाली सही कोणाची आहे?"

तिने कागदाकडे बघितलं.

"माझी," डॉक्टर म्हणाले. "मी काय वाचून केली सही? मी त्या वेळी एका म्हशीचा ताप ऐकत होतो. तुम्हाला इथे येऊन तीन आठवडे झाले, मला वीस वर्षं. तेव्हा ही चूक आपण दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेऊ." त्यांनी कागद पुन्हा खिशात घातला. "नशीब, कमी बाजूला गेली. उलटं झालं असतं, म्हणजे हिशोब निळ्या खड्यांचा आणि हातात पांढरी भुकटी, तर आपण आत्ता असे उभे नसतो."

"तोच विचार मी बसमध्ये करत होते," ती म्हणाली.

"आता विचार थांबवा. उरलेलं किती द्यायचं ते काढा. लेबल मोठ्याने वाचून."

तिने बाटली आणली, लेबल मोठ्याने वाचलं, पुन्हा हिशोब केला. एक ग्रॅम तांब्याला निळे खडे तीन पूर्णांक त्र्याण्णव ग्रॅम. अडीच आधीच गेलेले. राहिले एक पूर्णांक त्रेचाळीस. डॉक्टरांनी तोच हिशोब दुसऱ्या कागदावर स्वतः केला, तिचा न बघता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. आकडे जुळले. डॉक्टरांनी सही केली, पण त्याआधी प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं.

मामांच्या बांगड्यांबद्दल डॉक्टरांना काही सांगावं लागलं नाही. फौजदाराने स्वतःच ते सांगितलं. तीनच्या सुमाराला त्याने अंग सरळ केलं, टाकीच्या मधोमध आला आणि पाणी गढूळ करून पुन्हा कोपऱ्यात गेला.

"याला काय घातलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मामा म्हणाले, "दया."

डॉक्टर इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग गंभीर होऊन त्यांनी मामांना चांगलं पाच मिनिटं फैलावर घेतलं, आणि मामांनी ते सगळं हात जोडून ऐकून घेतलं. अर्ध्या दिवसाची धाकधूक उतरली होती. त्यांना त्या क्षणी कोणी फटके मारले असते तरी गोड लागले असते.

एक पूर्णांक त्रेचाळीस ग्रॅम संध्याकाळपर्यंत थेंब थेंब टाकीत गेलं. ती घरी पोचली तेव्हा सासूबाई जेवायच्या थांबल्या होत्या.

"काय झालं तुझ्या त्या पाण्याचं?" त्यांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. टक्केवारी, पाच रेणू, चाळीस आणि पंचवीस. नवरा मध्येच म्हणाला, "म्हणजे लिफ्टमधल्या माणसांचं वजन धरलं आणि लिफ्टचं धरलंच नाही, तसं." ती म्हणाली, जवळजवळ तसंच. सासूबाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं कितीसं कळलं कोण जाणे, पण शेवटी त्यांनी तिच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाल्या, "मासा जिवंत आहे ना? मग जेव. चेहरा बघ कसा उतरलाय." ती जेवली. अशी भूक तिला सासऱ्यांच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच लागली होती. आडवी झाल्या झाल्या झोपली, आणि नवऱ्याने दिवा घालवलेलाही तिला कळला नाही.

पुढच्या अठरा दिवसांत तांब्याची पातळी रोज मोजली गेली. ठिपके आधी विरळ झाले, मग कल्ल्यापाशी दोन-चार उरले, मग तेही गेले. एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, शेपटीपासून डोक्यापर्यंत पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "न्या याला मोठ्या टाकीत."

न्यायचं म्हणजे ओल्या ताडपत्रीच्या झोळीत घालून चौघांनी उचलायचं आणि शिडीवरून वर न्यायचं. नव्या बाईंचं ते काम नव्हतं, पण तिने झोळीचं एक टोक मागून घेतलं. मामा पुढे होते, "हळू, हळू, डावीकडे, अहो डावी म्हणजे माझी डावी," म्हणत. फौजदार आत निपचित होता. शिडीची शेवटची पायरी आली, झोळी पाण्यावर टेकली, आणि त्याला समुद्राच्या मोठ्या पाण्याचा वास लागला असावा. त्याने एकदम अंग वळवलं आणि शेपटीचा असा सपाटा मारला की चौघांपैकी नेमकी तीच डोक्यापासून पायापर्यंत भिजली. नाकातोंडात खारं पाणी, चष्म्यावरून ओघळ. खाली काचेपलीकडे मासे बघायला आलेली माणसं टाळ्या वाजवत होती, ती कोणासाठी ते सांगता येत नव्हतं.

"लागलं का, बाई?" मामा ओरडले.

तिला बोलताच येईना, इतकं हसू येत होतं. मासा खाली, खडकाच्या कपारीकडे निघाला होता, घाई न करता, आपल्या घरी जाणाऱ्या माणसासारखा. तिने कोट पिळला, शिडीच्या कठड्यावर वाळत घातला आणि तशीच ओल्या अंगाने पायरीवर बसून तो कपारीत शिरेपर्यंत बघत राहिली.